स्विचवर हात ठेवून

लिफ्टची दुरुस्ती जोडीनं करायची असते. एक वर, एक खाली. इमारतीच्या माथ्यावर मशीनची खोली असते, तिथे चढून मेन स्विच पाडतो तो वरचा. लिफ्टच्या बोगद्याच्या तळाशी खड्डा असतो, त्यात उतरून काम करतो तो खालचा. खालच्याला वरचं काही दिसत नाही. त्याच्या डोक्यावर चार मजल्यांचा काळोख असतो आणि त्या काळोखात दोरांना लोंबणारा आठशे किलोंचा डबा. म्हणून तो विचारतो.

"बंद?"

"बंद."

"कुलूप?"

"कुलूप."

"हात?"

"हात स्विचवर."

एवढं झालं की मगच खालचा डब्याखाली डोकं घालतो. रोजची इमारत असो, रोजचा जोडीदार असो, भांडण झालेलं असो की गळ्यात गळे असोत, हे म्हणायचंच. आणि उत्तर द्यायचं ते आठवणीतून नाही. आत्ताच पाडला, आत्ताच कुलूप लावलं, असं जिन्यात उतरता उतरता म्हणायचं नाही. स्विचवर हात ठेवायचा आणि मग तोंड उघडायचं.

चौदा वर्षं तो वरचा होता आणि त्याचा जोडीदार खालचा. कंपनीत त्यांना खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. "वरचा कुठे गेला?" "खालच्याला फोन लाव." दोघांच्या बायकासुद्धा एकमेकींना वरची आणि खालची म्हणून चिडवायच्या. मग गेल्या वर्षी तो अपघात झाला. दोन लिफ्ट शेजारी-शेजारी असलेली इमारत होती. खड्ड्यातलं लिफ्ट थांबवायचं लाल बटण बिघडलेलं, तेच बदलायला खालचा उतरला होता. वरून उत्तरं आली, सगळी, नीट, ओळीनं. आणि तरी डबा खाली आला. खालचा भिंतीच्या कडेला पालथा पडला म्हणून वाचला. खांद्याचं हाड मोडलं. जीव राहिला, पण हात वर जाईना.

चौकशीत मालकानंच विचारलं होतं, "शेजारचा स्विच पाडलास का रे चुकून?"

वरच्यानं होकाराची मान हलवली. एकदाच. तेवढंच.

त्यानंतर तो इतका प्यायला की दोन महिन्यांनी बायकोनं आणि मोठ्या भावानं त्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन ठेवलं. नव्वद दिवसांनी बाहेर आला. मालक भला माणूस. कामावर घेतलं, पण स्टोअरमध्ये. दाराची चाकं वेगळी काढ, जुने बोल्ट रॉकेलमध्ये बुडव, पुस. "लिफ्टवर जायचं तर जोडीदार तू शोध," मालक म्हणाला. "तुझ्या शब्दावर कुणाला खड्ड्यात उतरवायचं हे मी ठरवणार नाही. ज्याला उतरायचं त्यानं स्वतः सांगावं."

पाच महिने कुणी सांगितलं नाही.

दर शनिवारी दुपारी, शाळा सुटली की, शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात दारू सोडलेल्यांची बैठक भरायची. मुलांचे बाक. मोठी माणसं त्यावर गुडघे हनुवटीला लावून बसत आणि भिंतीवरची रंगीत माकडं त्यांच्याकडे बघत. बैठक चालवायच्या त्या बाईंना सगळे सिस्टर म्हणत. पस्तीस वर्षं नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या. बोलणं कमी, चहा कडक.

त्यांच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात चिठ्ठ्या. ज्याला न पिता एक वर्ष पूर्ण होईल त्यानं एक वाक्य लिहून डब्यात टाकायचं, अशी तिथली पद्धत. पुस्तकातलं नको, ऐकलेलं नको, स्वतःचं. कुणाचं अक्षर मोत्यासारखं, कुणाचं पालीनं शाईत पाय बुडवून चालावं तसं. डबा फिरायचा. ज्याच्या हातात येईल त्यानं एक चिठ्ठी काढायची, मोठ्यानं वाचायची आणि मनात येतील ते दोन शब्द बोलायचे.

"घसा मागेल, पाय नेऊ नका."

"घरी जाताना सरळ रस्ता."

"आजचं कुलूप आज लावा, उद्याला उद्याचं दार आहे."

लोक वाचत, हसत, कधी रडत. डबा वरच्याकडे आला की तो झाकण न उघडता पुढे सरकवायचा. पाच महिन्यांत एकदाही त्यानं चिठ्ठी काढली नव्हती. यायचा मात्र न चुकता. कोपऱ्यातल्या माकडाखाली बसायचा.

"मौनीबाबांचा नमस्कार घ्या," शेजारचा न्हावी डबा घेताना म्हणायचा. न्हाव्याला सोडून चार वर्षं झाली होती आणि त्याची जीभ त्याच्या वस्तऱ्याहून धारदार होती. "बाबा, एखादं वाक्य प्रसाद म्हणून तरी द्या. का आमची दक्षिणा पुरत नाही?"

"मला वाक्यांचा भरवसा नाही," एकदा वरचा म्हणाला होता.

"मग कशाचा आहे?" सिस्टरांनी विचारलं.

वरच्यानं डबा पुढे सरकवला होता.

मग एका बुधवारी खालचा स्टोअरमध्ये आला. दाराच्या चाकांचा खोका मागायला आला होता, पण खोका हातात घेऊनही गेला नाही. उजवा खांदा अजून डाव्याहून जरा खाली होता. तो वरच्याच्या समोरच्या स्टुलावर बसला आणि बोल्ट पुसायला लागला, जणू त्याचंच काम.

"सोमवारी ग्रंथालयाच्या लिफ्टचं काम आहे," तो म्हणाला. "खड्ड्यातली स्प्रिंग बदलायचीय. मालकाला सांगून आलोय. तू वर, मी खाली."

वरच्याच्या हातातला बोल्ट रॉकेलमध्ये पडला.

"तू?"

"नाही, माझी सासू! तिला खड्ड्यात उतरवायची माझी फार दिवसांची इच्छा आहे." खालचा हसला. मग बोल्टाकडे बघत म्हणाला, "अरे, दोन स्विच शेजारी-शेजारी. एकसारखे. घाईत माझा हातही चुकीच्या स्विचवर गेला असता. मी खूप विचार केला ह्यावर. खांदा दुखायचा तेव्हा दुसरं काम काय होतं? चूक ती चूक. चौदा वर्षांत एक."

तो उठला, बऱ्या हातानं वरच्याच्या पाठीत एक थाप मारली आणि खोका घेऊन गेला.

घरी आल्यावर वरच्यानं बायकोला सांगितलं. ती शर्टांना बटणं लावत बसली होती. सुई तशीच हातात राहिली.

"भाऊजी स्वतः म्हणाले?"

"स्वतः."

"अहो, भाऊजी म्हणजे सोनं आहेत हो, सोनं." आणि ती हसली. ह्या घरात ते हसू इतक्या दिवसांनी आलं होतं की त्याला आधी ते शेजारच्या घरातलंच वाटलं. "सोमवारी दोघांचा डबा मीच देते. त्यांना कोरडं आवडत नाही, ठाऊक आहे मला. आणि खालचीला फोन करते. किती दिवसांत बोललो नाही आम्ही. कुठल्या तोंडानं करणार होते? आता करते."

ती फोनवर तासभर बोलली. मधूनच हसत होती. तो बाहेरच्या खोलीत भिंतीकडे बघत बसला.

कारण खरं असं होतं की अपघाताच्या दिवशी तो मशीनच्या खोलीत गेलाच नव्हता. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, खिडकीच्या कट्ट्यावर बसला होता. खिशात बाटली होती. वर जायला आणखी एक जिना होता आणि तो जिना त्या दिवशी फार उंच वाटला. खालून आवाज आला, बंद? त्यानं लिफ्टच्या दाराच्या फटीला तोंड लावलं आणि म्हणाला, बंद. त्या बोगद्यात आवाज कुठून येतो ते कुणालाच कळत नाही. सगळे आवाज वरून आल्यासारखेच येतात. हात? हात स्विचवर, तो म्हणाला. हात बाटलीच्या बुचावर होता.

शेजारचा स्विच नाही. कुठलाच स्विच नाही.

शनिवारी डबा फिरत फिरत त्याच्याकडे आला, आणि त्यानं झाकण उघडलं. न्हाव्यानं चहाचा कप ओठांशीच धरून ठेवला. वरच्यानं हात घातला, चिठ्ठी काढली, उलगडली. त्याला वाटलं होतं की काहीतरी नेमकं निघेल, छातीत घुसेल असं. चिठ्ठीवर लिहिलं होतं:

"आधी जेवा, मग रडा."

सगळे हसले. तोही हसला, आणि हसता हसता म्हणाला, "मला हे वाचता येणार नाही. कुठलंच वाचता येणार नाही." आणि मग त्यानं सांगितलं. बंद, कुलूप, हात. जिन्याचं वळण. मालकाचा प्रश्न आणि आपली मान. आता सोमवार, आणि जोडीदाराची पाठीवरची थाप. "तोंडानं म्हणायला काय लागतं हो?" तो म्हणाला. "मीसुद्धा म्हणालो होतो. अगदी खणखणीत."

"हे कुणाला सांगितलंयत?" सिस्टरांनी विचारलं.

"आत्ता तुम्हाला."

"आम्ही नव्हतो त्या खड्ड्यात."

एक चष्मेवाले गृहस्थ होते, ते हळूच म्हणाले, "सोमवारचं काम तेवढं होऊन जाऊ द्या. गाडी रुळावर येऊ द्या. मग बघून सांगता येईल. बायको आनंदात आहे, तो माणूस आनंदात आहे. कुणाचं काय बिघडतंय?"

हे सगळं वरच्यानं तीन दिवस स्वतःलाच सांगितलं होतं, जवळजवळ ह्याच शब्दांत. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते किती गुळगुळीत वाटत होतं.

"द्या इकडे ती," न्हाव्यानं त्याच्या हातातून चिठ्ठी घेतली. "ही माझी आहे. हसू नका, खरंच माझी आहे. केंद्रातून घरी आलो तेव्हा आईनं ताट वाढलं. मी ताटासमोर बसून रडत राहिलो. झालं, दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आईनं काय केलं, ताट घेतलं आणि माझ्यासमोर बसून स्वतःच जेवायला लागली. म्हणाली, तू रड, मला भूक लागलीय." तो थांबला. "तेव्हा जेवलो. वर्ष झालं तेव्हा हे लिहिलं. पण एक सांगतो मौनीबाबा, जेवायच्या आधी मला हे सुचलं नसतं. जेवून झाल्यावर लिहिलंय. ह्या डब्यातलं प्रत्येक वाक्य काहीतरी करून झाल्यावरचं आहे. नुसतं वाचलं तर मलाही भंपक वाटतं."

सिस्टरांनी डबा पुढे सरकवला. "चहा घ्या," त्या म्हणाल्या. "गार होतोय."

सोमवारी सकाळी दोघं ग्रंथालयात पोचले. लांब खोली, लांब टेबलं, वर्तमानपत्रांत बुडालेली डोकी. ग्रंथपालबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "काम करा, पण इथे ओरडायचं नाही."

"बाई, आमचं कामच ओरडण्याचं आहे," खालचा म्हणाला. "आम्ही ओरडलो नाही तर मग तुम्हाला ओरडावं लागेल."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते शिक्क्याखाली दाबलं.

खालच्यानं तळमजल्याचं दार किल्लीनं उघडलं, अडकण लावली. खड्ड्याच्या कडेला पाय सोडून बसला आणि हेल्मेटचा पट्टा बांधायला लागला. एका हातानं बांधायला वेळ लागत होता.

"उतरू नको," वरचा म्हणाला.

"का, काय झालं?"

"आधी ऐक."

त्यानं सांगितलं. पाठ करून आला होता, पण पाठ केलेलं आठवलं नाही. तुटक सांगितलं. वळण. कट्टा. फट. खालचा खड्ड्यात बघत ऐकत होता. पट्टा त्याच्या बोटांत तसाच.

"म्हणजे वर गेलाच नव्हतास."

"नाही."

"आणि हात स्विचवर म्हणालास."

"हो."

"हातात काय होतं?"

"बाटली."

खालचा उठला. उठताना त्यानं सवयीनं उजवा हात भिंतीला लावला आणि दुखून काढून घेतला.

"माझी पोरगी विचारते," तो म्हणाला, "बाबा, तुमचा हात वर का जात नाही? मी तिला सांगतो, काकांची चूक झाली गं. चूक झाली म्हणून माणूस वाईट होत नाही. किती वेळा सांगितलं असेल. गणितात चुकली तरी सांगतो, काकांचंच उदाहरण देतो." त्याचा आवाज चढला नाही. "आता काय सांगू तिला? बोल ना. तुझ्याकडे शनिवारची वाक्यं असतात म्हणे. दे एखादं."

"नाहीये माझ्याकडे."

खालचा वाचनाच्या खोलीतून बाहेर निघून गेला.

वरच्याला त्याच्यामागे जाता आलं नाही. लिफ्टचं दार उघडं असलं की तिथून हलायचं नसतं. कुणी पोर धावत येईल, कुणी म्हातारं पुस्तकात बघत येईल. तो दाराशी उभा राहिला. खिडकीतून खालचा दिसत होता, बाहेरच्या पायऱ्यांवर, पाठमोरा. समोरच्या रस्त्यापलीकडे दारूचं दुकान होतं, तसल्या दुकानांकडे वरचा पाच महिने बघत नव्हता. घसा मागत होता, स्पष्ट, नाव घेऊन. पायाशी मात्र उघडं दार होतं आणि पाय त्या दाराचे होते. एक आजोबा काठी टेकत आले. "लिफ्ट चालू आहे का हो?" "नाही आजोबा. जिन्यानं जा, सावकाश." आणखी कुणी आलं. त्यालाही त्यानं सांगितलं. घड्याळात अर्धा तास झाला. त्याला बायको आठवली, डब्याच्या पिशवीची गाठ मारताना गुणगुणणारी. आता दोन्ही घरचे फोन पुन्हा गप्प होणार. तरी सांगितलेलं परत गिळावंसं वाटलं नाही. कितीतरी दिवसांनी तोंडात एक शब्द असा होता, ज्याच्याखाली काहीतरी टणक होतं.

खालचा परत आला. डोळे लाल होते, चेहरा धुतलेला. त्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि पुढे केलं.

"घाल."

"मी?"

"तू खाली. मी वर जातो. जिने चढायला खांदा लागत नाही."

वरच्यानं हेल्मेट घेतलं.

"एक ऐकून ठेव. मी तुला माफ केलेलं नाही. करीन की नाही तेही ठाऊक नाही."

"हो."

"मालकाला तू सांगायचं. मी चहाडी करणार नाही."

"संध्याकाळी सांगतो."

"काढून टाकेल तो तुला."

"टाकू दे."

"आणि पोरीला पण तूच सांगायचं. घरी येऊन. तिच्यासमोर बसून." किल्ल्यांचा जुडगा उचलून तो जिन्याकडे वळला. मग थांबला. "स्प्रिंगचे बोल्ट गंजलेत. जोर लावशील तर तुटतील. आधी तेल घाल."

त्याची पावलं जिन्यावर वाजत गेली. पहिला मजला. दुसरा. तिसऱ्यावर आवाज क्षणभर थांबला की थांबल्यासारखं वाटलं, कोण जाणे. मग काहीच ऐकू येईना.

वरचा शिडीनं खड्ड्यात उतरला. लाल बटण दाबलं, पण नुसत्या बटणावर विसंबायचं नसतं हे दोघांनाही पुरतं कळलं होतं. चौदा वर्षांत तो इतका खाली क्वचितच आला होता. ओलसर गारवा. तेलाचा आणि जुन्या कागदाचा वास. तळाशी लोकांच्या हातून निसटलेलं काय काय पडलेलं: पेन्सिली, एक चष्म्याची काडी, केसांच्या पिना, ग्रंथालयाचं एक पिवळं कार्ड. वर डब्याचा काळा तळ, जणू कुणीतरी आभाळावर झाकण ठेवलंय. त्याखाली उभं राहिलं की मान आपोआप खांद्यांत जाते.

"बंद?" त्यानं हाक दिली.

उत्तर नाही.

त्यानं वाट पाहिली. एखादा माणूस वर कुठेही असू शकतो. जिन्यात. खिडकीशी. निघूनही गेलेला असू शकतो, आणि त्याला तसा हक्क होता. इथून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. चौदा वर्षं, दिवसातून चार-चार वेळा, एक माणूस इथे उभा राहून ह्याच काळोखाला विचारत होता आणि जे येईल त्याखाली डोकं घालत होता. पुन्हा हाक द्यावी असं वाटलं. दिली नाही.

"बंद," वरून आलं.

"कुलूप?"

"कुलूप."

"हात?"

वर कुठेतरी दोर अगदी बारीक कुरकुरला.

"हात स्विचवर," वरून खालचा म्हणाला. आणि तिथे थांबला नाही, जे आजवर त्या दोघांत कुणी केलं नव्हतं. "काळी मूठ आहे. गार लागतेय. पेटीच्या पत्र्यावर कुणीतरी खिळ्यानं फूल कोरलंय, पाच पाकळ्यांचं, एक अर्धवट. खिडकीच्या गजावर कबुतर बसलंय. माझ्याकडेच बघतंय."

खड्ड्यातल्या माणसानं भिंतीला हात टेकला.

"अरे, आहेस ना खाली?"

"आहे."

"मग तेल घाल की! का मी दिवसभर कबुतराशी गप्पा मारू?"

वाचनाच्या खोलीतून ग्रंथपालबाईंनी टेबलावर दोनदा टिचक्या मारल्या. त्यानं तेलाची कुपी उघडली, वाकला, आणि डब्याखाली डोकं घातलं.